रे, सा आणि पंधरा पूर्णविराम

आमच्या गाडीत अजून सीडी प्लेअर आहे. गाडी जुनी आहे हे सांगायची ही सभ्य पद्धत. त्या प्लेअरमध्ये गेले चार महिने एकच तबकडी अडकून बसली आहे. अडकून म्हणजे बिघाडाने नाही, मीच काढत नाही. रे या इंग्लिश गायिकेचा पहिला अल्बम, 'माय ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी ब्लूज'. फेब्रुवारी २०२३ मध्ये आला, म्हणजे परीक्षण लिहायला मला चांगलाच उशीर झालाय. पण आमच्या घरी गाणी अशीच येतात, सगळ्यांचं ऐकून झालं की.

आधी नावाचं. इंग्रजीत तिचं नाव कॅपिटल अक्षरांत लिहितात, वाचायचं मात्र साधं 'रे'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणी हाक मारतंय. मग वाटलं, सा नंतरचा रे. पुढे तिची कहाणी कळल्यावर हे दुसरं फारच चपखल बसलं, कारण ही मुलगी कित्येक वर्षं कुणा ना कुणाच्या मागेच उभी होती.

तिचं खरं नाव रेचल कीन. जन्म ऑक्टोबर १९९७, दक्षिण लंडनमधलं टूटिंग. वाढली दक्षिण लंडनमध्येच, आमच्या क्रॉयडनमध्ये. वडील इंग्लिश, यॉर्कशरचे. आईकडून घाना आणि स्वित्झर्लंड. शिकली ब्रिट स्कूलमध्ये. ही शाळा आमच्या घरापासून दोन स्टेशनांवर, सेलहर्स्टला आहे. १९९१ साली सुरू झाली. गाणं, नाच, नाटक शिकवते आणि फी घेत नाही. अ‍ॅमी वाइनहाउस आणि अडेल इथल्याच. सकाळच्या गाडीत पाठीवर गिटार घेतलेली मुलं चढली आणि सेलहर्स्टला उतरली, की डबा एकदम गप्प होतो. त्या मुलांचा मला वर्षानुवर्षं त्रास व्हायचा, दारातच उभी राहतात म्हणून. रे तिथे दोन वर्षं होती, मग कोंडल्यासारखं वाटतंय म्हणून सोडून गेली. आता त्या मुलांकडे बघताना मी जरा सरकून जागा देते. बदललं असेल तर तेवढंच.

सतरा वर्षांची असताना तिने पॉलिडॉर या बड्या कंपनीशी करार केला. चार अल्बमचा करार, २०१४ साली. मी पगारपत्रकं बघते, करार वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे 'चार अल्बम' वाचलं की बाकीच्यांना टाळ्या दिसतात, मला अटी दिसतात. करारात चार म्हटलं म्हणून चार निघतातच असं नाही. निघायचे कधी ते कंपनी ठरवते, आणि तोवर कलाकाराला दुसरीकडे जाता येत नाही. सात वर्षांत एकही पूर्ण अल्बम निघाला नाही. मधल्या काळात ती इतरांसाठी लिहीत होती. बियॉन्सेसाठी, जॉन लेजंडसाठी, चार्ली एक्ससीएक्ससाठी. आणि डीजे लोकांच्या गाण्यांत गात होती. २०१६ चं जॅक्स जोन्सचं 'यू डोन्ट नो मी' तुम्ही जिममध्ये, टॅक्सीत, कपड्यांच्या दुकानात नक्की ऐकलंय. तो आवाज हिचा. गाण्याच्या नावातच 'तू मला ओळखत नाहीस' आहे, यापेक्षा वेगळं काय सांगू.

मी आयुष्यभर कोरसमध्ये गायले आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात, पुढे मंडळाच्या गणपतीत. कोरसवाल्यांना एक गोष्ट माहीत असते: गाणं उभं आपण करतो, फोटोत मात्र आपले खांदे येतात. म्हणून जून २०२१ मध्ये रेने भर रात्री सगळ्या जगासमोर लिहून टाकलं की २०१४ पासून चार अल्बमचा करार आहे आणि मला एकही काढू दिलेला नाही, तेव्हाची तिची चीड मला फार जवळची वाटली. तेव्हा अल्बमला पैसे मिळायचे की नाही, हे तिचं एक नवं गाणं किती चालतं त्यावर ठरणार होतं. म्हणजे सात वर्षं नोकरी केल्यावर पुन्हा मुलाखत. काही आठवड्यांतच ती कंपनीतून मोकळी झाली. मग हा अल्बम तिने स्वतःच्या हिमतीवर काढला. वितरणाला ह्यूमन री सोर्सेस, आणि बरीचशी निर्मिती माइक सबाथ या अमेरिकन दोस्ताबरोबर.

आता माल कसा आहे ते.

मुखपृष्ठ उलटून मागची यादी बघा. पंधरा ट्रॅक, आणि प्रत्येक नावापुढे पूर्णविराम. 'मेरी जेन.' 'वर्थ इट.' 'फिन.' आधी मला छपाईची चूक वाटली. चूक नाही. सात वर्षं जिच्या वाक्याला कुणी स्वल्पविरामापलीकडे जाऊ दिलं नाही, तिने प्रत्येक ओळीला स्वतःच्या हाताने टिंब दिलंय.

सुरुवातीला 'इंट्रोडक्शन.' नावाचा छोटा तुकडा आहे. जुन्या जॅझ क्लबमधला सूत्रधार तिला रंगमंचावर बोलावतो. शेवटी 'फिन.' मध्ये ती सगळ्यांचे आभार मानते. नांदी आणि भरतवाक्य! संगीत नाटकांवर वाढलेल्या माणसाला हा बांधा चटकन ओळखीचा वाटतो. मधली तेरा गाणी मात्र एका नाटकातली वाटत नाहीत, आणि माझी मुख्य तक्रार तीच. इथे जॅझ आहे, सोल आहे, घराघरांत वाजणारं डान्स संगीत आहे, रॅप आहे, चर्चमधल्या समूहगानासारखं काही आहे. सात वर्षं उपाशी असलेल्या माणसाने ताट वाढून घेतलं की असंच होणार. सगळं एकदम, आणि लोणच्याची वाटी भातावर कलंडलेली.

'ऑस्कर विनिंग टीअर्स.' ने जेवण सुरू होतं आणि पहिला घासच जबरदस्त आहे. रडून दाखवणाऱ्या पुरुषाला ती सांगतेय की छान अभिनय करतोस, चालू दे. मागे व्हायोलिनं जुन्या गुप्तहेरपटासारखी चढत जातात. शेवटी ती वरच्या स्वरावर जाऊन उभी राहते, तिथे गाडीच्या दाराचं प्लास्टिक थरथरतं. त्याला मी सौंदर्य म्हणते, नवरा सुटलेला स्क्रू म्हणतो.

'एस्केपिझम.' बद्दल सगळ्यांना माहीत आहे. ०७० शेक या अमेरिकन रॅपरबरोबरचं हे गाणं ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, टिकटॉकवर त्याचा वेग वाढवलेला अवतार पोरांनी डोक्यावर घेतला आणि जानेवारी २०२३ मध्ये ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. स्वतःच्या नावाचं तिचं हे पहिलंच पहिलं. माझा एक सल्ला ऐका: वेग वाढवलेलं ऐकू नका. मूळ गाण्यात ती अर्धं बोलते, अर्धं गाते, मन मोडल्यावरची एक वाया गेलेली रात्र तासातासाने सांगते, आणि मधे मधे ताल अचानक काढून घेतलेला आहे. पायरी समजून पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी, तसं पोटात होतं. वेग वाढवला की त्या नसलेल्या पायऱ्या भरून निघतात. मग उरतं नुसतं पळणं.

आठवं गाणं, 'आइसक्रीम मॅन.' नाव गोड आहे, गाणं नाही. एका निर्मात्याने केलेल्या अत्याचाराबद्दल ती इथे गाते. वाद्यं जवळजवळ नाहीत, आवाज अगदी कानाशी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पर्ली वे या आमच्याकडच्या मोठ्या रस्त्यावर होते, मागच्या सीटवर तेरा वर्षांची मुलगी. शब्द कळायला लागले तसा माझा हात बटणाकडे गेला. मुलगी म्हणाली, "राहू दे ना आई, मला माहितीय हे गाणं." त्या रस्त्यावर गाडी मधेच थांबवता येत नाही. ते दोन उंच धुराडे दिसतात ना, जुन्या वीजकेंद्राचे, तिथल्या आयकियाच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. आम्हाला काही घ्यायचं नव्हतं. पाऊण तास बोललो. काय बोललो ते इथे लिहायचं कारण नाही. एवढंच लिहिते की लहान मुलं गाडीत असतील तर हा अल्बम लावू नका. दारू, अमली पदार्थ, शिव्या, सगळं आहे आणि सगळं उघड आहे. आणि मोठी मुलं असतील तर वाटेत कुठे गाडी लावता येईल ते बघून ठेवा.

त्याच्या लगेच पुढे 'फ्लिप अ स्विच.' येतं, आणि हा क्रम मला अजून पटलेला नाही. आठव्या गाण्यानंतर मला दोन मिनिटं शांतता हवी होती, तिने ढोल वाजवला. 'बॉडी डिस्मॉर्फिया.' पुन्हा पकड घेतं, आरशाशी भांडण आहे ते. 'एन्व्हायरन्मेंटल अँग्झायटी.' मध्ये मुलांचा कोरस ऐकून मी खूश झाले, पण गाणं विषयाच्या ओझ्याने वाकलंय. 'फाइव्ह स्टार हॉटेल्स.' मी ढकलते. 'द थ्रिल इज गॉन.' मात्र दोनदा लावते. जुन्या रेकॉर्डसारखं उबदार, आणि गळ्याची हरकत अशी सहज की ही मुलगी पन्नास वर्षांपूर्वीही गात असेल असं वाटावं. 'हार्ड आउट हिअर.' मध्ये कंपन्यांच्या साहेबांना धुतलंय. राग आहे, पण बेसूर राग नाही. मला तरी राग आला की आधी सूर जातो.

शेवटाकडे 'वर्थ इट.' आणि 'बस इट डाउन.' दोन्ही उन्हातली गाणी आहेत. इतक्या अंधारानंतर ती थोडी चिकटवल्यासारखी वाटतात. मुलीचं मत वेगळं: "तिला जरा खूश होऊ दे की!" बरं बाई.

हा अल्बम ब्रिटनच्या यादीत दुसरा आला. पहिला क्रमांक त्या आठवड्यात शनाया ट्वेनचा. पुन्हा रे दुसरीच. पण पुढच्या वर्षी, २ मार्च २०२४ ला ओटू अरीनात ब्रिट पुरस्कार, म्हणजे ब्रिटनचे मोठे संगीत पुरस्कार, झाले आणि हिने एका रात्रीत सहा नेले. त्याआधीचा विक्रम चारचा, ब्लर, अडेल आणि हॅरी स्टाइल्स यांचा. त्यात वर्षाच्या सर्वोत्तम गीतलेखकाचाही पुरस्कार होता, तो मिळवणारी ती पहिली बाई. सर्वोत्तम नवोदित कलाकाराचाही होता. दहा वर्षं राबलेली नवोदित! आम्ही टीव्हीवर बघत होतो. अल्बमच्या पुरस्काराला ती आजीला हाताला धरून मंचावर घेऊन आली आणि ढसाढसा रडली. आमच्या सासूबाईंनी तिचं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं, पण पदर डोळ्याला लावून त्या म्हणाल्या, "आजीला पुढे आणलं, चांगल्या घरची दिसते."

ती रडली आणि कामालाही लागली, हे मला महत्त्वाचं वाटतं. नुसतं गाणं लिहिणाऱ्याला मूळ ध्वनिमुद्रणाच्या कमाईत सहसा वाटा नसतो. स्टुडिओत दिवस घालवायचा, आणि गाणं निघालंच नाही तर गाडीभाडंसुद्धा खिशातलं जायचं. हा वाटा द्या म्हणून ती कंपन्यांना जाहीरपणे सांगत आली आहे. पगारपत्रकवालीचा या मागणीला पूर्ण पाठिंबा.

आता एक गोष्ट जी मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. २६ सप्टेंबर २०२३ ला तिने रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हेरिटेज ऑर्केस्ट्रा आणि गायकांचा ताफा घेऊन ही गाणी केली, आणि त्याचा स्वतंत्र लाइव्ह अल्बम आहे. स्टुडिओत जो पसारा वाटतो तो तिथे एका पंगतीत बसतो. कारण साधं आहे: सगळी गाणी एकाच वाद्यवृंदाने, एकाच छताखाली, एका संध्याकाळी वाजवली आहेत. यंत्रातल्या तालाच्या जागी माणसं आहेत, आणि माणसं श्वास घेतात. मागचा कोरस काय गातो म्हणून सांगू! मी इयरफोन लावून फक्त कोरस ऐकत एकदा ईस्ट क्रॉयडनला उतरायची विसरले. तर पहिल्यांदाच ऐकणार असाल तर आधी अल्बर्ट हॉल ऐका, गाणी ओळखीची होऊ देत, मग स्टुडिओतला अल्बम घ्या. 'आइसक्रीम मॅन.' मात्र माझ्या मते स्टुडिओतलंच खरं. ते हजारो लोकांत ऐकायचं गाणं नाही.

उरली सीडी. मी ऑनलाइन मागवली, अकरा पौंड. कुठून ते लिहीत नाही. पाकीट उघडलं तर डबीच्या मधली ती दातेरी चकती मोडलेली, तबकडी आत मोकळी फिरतेय आणि मागच्या बाजूला अर्धचंद्राकृती ओरखडा. 'वर्थ इट.' बरोबर मधोमध उडायचं. नवरा म्हणाला की तुला नाही तरी ते आवडत नाही. तक्रार केली, तीन मेलांनंतर दुसरी आली. ती ठीक आहे, तीच गाडीत आहे. ओरखड्याची मुलीने भिंतीवर लावली. तुम्ही दुकानातून किंवा चॅरिटी शॉपमधून घेणार असाल तर डबी कानाशी धरून हलवून बघा. आतून खुळखुळली तर परत ठेवा.