सामना अख्खा दाखवा की हो!

क्लीव्हलँडच्या बेसबॉल मैदानापासून चालत पाच-सात मिनिटांवर एक बार आहे. तिथे ५ ऑगस्टला 'तो सामना' मोठ्या पडद्यावर लावतात, असं लेकीने सांगितलं आणि आम्ही दोघी गेलो. आत जायचे पंधरा डॉलर, त्यात एक ड्रिंक. मी घेत नाही म्हटल्यावर त्याच कुपनावर दोनदा लेमोनेड आणून दिलं, तेही तोंड वाकडं न करता. एक तारा तिथेच दिला मी.

'तो सामना' म्हणजे २००१ सालचा, रविवार रात्रीचा. समोर सिअ‍ॅटल मरिनर्स, त्या मोसमात ११६ सामने जिंकलेला संघ. आपले इंडियन्स (आता गार्डियन्स, पण त्या रात्रीचा विषय निघाला की माझ्या तोंडात जुनंच नाव येतं) तिसऱ्या इनिंगअखेर ०-१२ ने मागे (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची फलंदाजीची एकेक पाळी; एरवी नऊ असतात, बरोबरी झाली तर पुढे). पाचव्यात २-१४. आणि शेवटी अकराव्या इनिंगमध्ये १५-१४ ने जिंकले! बारा रनांची पिछाडी भरून काढणं मोठ्या लीगमध्ये त्याआधी दोनदाच झालं होतं, १९११ ला डेट्रॉइटकडून आणि १९२५ ला फिलाडेल्फियाकडून. १९२५ ला ज्यांचं नाक कापलं गेलं ते आपणच, क्लीव्हलँडवाले.

खाणं ठीक. पिरोगी मात्र चुकवू नका. बटाटा आणि चीज भरलेल्या, करंजीच्या घाटाच्या, लोण्यात परतलेल्या, वर तांबूस कांदा. कडा कुरकुरीत होत्या, पोट मऊ. नाचोज गार होते. आवाजाची व्यवस्था चांगली, खुर्च्या वाईट.

आता खरी तक्रार. चौथ्या इनिंगमध्ये जिम थोमीने होमरन (मैदानाबाहेरचा फटका) मारून आपले पहिले दोन रन काढले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पडद्यावर थेट सातवी इनिंग! पाचवी-सहावी गायब. सातव्यात तीन रन, आठव्यात चार, नवव्यात पाच, सगळं धडाधड. लेक म्हणाली, "एवढं काय त्यात आई? हाणतच तर होते."

तिचा दोष नाही. त्या रात्री ती गाडीत मागच्या सीटवर झोपली होती. नाना, म्हणजे माझे सासरे, पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते, म्हणून नायगारा दाखवून परत येत होतो. रेडिओवर समालोचक टॉम हॅमिल्टन. वाटेतल्या ईरी शहराच्या आसपास ०-१२ झालं तेव्हा ह्यांनी रेडिओ बंद करायला हात पुढे केला, तर नाना म्हणाले, "राहू दे रे, मार्चमध्ये ईडन गार्डन्सवर तरी काय वेगळं होतं?" फॉलोऑननंतरची लक्ष्मण-द्रविडची भागीदारी तेव्हा घरात रोजच्या जेवणाला होती. पाचवी, सहावी इनिंग आम्ही त्या अंधाऱ्या हायवेवर ऐकली. समोरच्यांचे दोन रन सोडले तर काहीही होत नव्हतं. दोन्ही मॅनेजरांनी मोठे खेळाडू बसवून टाकले होते, सिअ‍ॅटलने इचिरोलासुद्धा. नाना मध्येच विचारायचे, "यांच्यात डाव घोषित करत नाहीत का?" त्या कंटाळ्यावरच नववी इनिंग उभी आहे. तो कापला तर उरतो नुसता फटाक्यांचा डबा.

नवव्या इनिंगला आम्ही आमच्या दारात, चालू गाडीत बसून होतो, कारण इंजिन बंद केलं की पोर उठली असती. दोन आउट (तिसरा झाला की सामना संपला), तिन्ही बेसवर आपले धावपटू, फुल काउंट (आणखी एक स्ट्राइक की आउट), समोर त्यांचा पिचर सासाकी, आणि आपल्या ओमार विस्केलचा फटका उजव्या कोपऱ्यात. बेसवरचे तिघंही होम प्लेटला पोचले, १४-१४. ह्यांनी आनंदाने हॉर्न दाबला. पोर उठली नाही, शेजारी उठले.

बारमध्ये त्याच फटक्याला पुन्हा आरडाओरडा झाला. शेजारच्या टेबलावरचे एक म्हातारे गृहस्थ मात्र गप्प होते. ते त्या रात्री मैदानात होते आणि त्यांनी आपलं स्कोअरकार्ड आणलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत. मी बघू का विचारलं तर लगेच माझ्यासमोर सरकवलं. पाचव्या-सहाव्या इनिंगचे चौकोन कोरे. सातव्यापासून अक्षर वेगळं, बारीक, तिरकं. वैतागून त्यांनी पेन्सिल टाकून दिली होती, ती बायकोने उचलली. विस्केलच्या चौकोनात तर पेन्सिल इतकी दाबली होती की कागदाला भोक पडलंय.

निघताना मॅनेजरला म्हटलं, पुढच्या वर्षी न कापता लावा. म्हणाला, "मॅडम, चार तास कोण बसणार?" सामना चार तास अकरा मिनिटांचा, हे खरं. आणि त्या रात्री मैदानात आलेल्या ४२,४९४ लोकांपैकीही कितीतरी जण सातव्याच्या आत घरी निघून गेले होते, हेही खरं. म्हणून मी वाद घातला नाही.

पाचपैकी साडेतीन. ट्रेनने जा, रेड लाइनने टॉवर सिटीला उतरा, पार्किंगला पैसे घालू नका. आणि पिरोगी आधीच मागवा, आठव्या इनिंगला संपतात.