किचन चिमणी सर्व्हिसिंग, घोडबंदर रोड ठाणे: पाच स्टार कशासाठी ते सांगते

मानपाड्याकडचे एक मेकॅनिक दादा आहेत, आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांकडे येतात, चिमणी, हॉब (ओट्यावरची गॅसची शेगडी), गीझर सगळं बघतात. दिवाळीच्या फराळाआधी चिमणी साफ करून घ्यायची म्हणून बोलावलं. काम एकदम चोख. जाळ्या कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्या, तेलाची वाटी घासली, आतला पंखासुद्धा खोलून पुसला आणि ओट्यावर आधीच पेपर अंथरल्यामुळे नंतर आम्हाला काही पुसत बसावं लागलं नाही. सक्शन मस्त आलं.

पण पाच स्टार त्याच्यासाठी नाहीत. काम झाल्यावर पैसे घेऊन निघायच्या ऐवजी त्यांनी आम्हाला ओट्यापाशी बोलावलं. "ताई, हा पाइप मध्येच लोंबतोय, इथे तेल साचतं, कढईतून भडका वर गेला तर आधी हेच पेटेल." मग चिमणीचा धूर बाहेर नेणारा तो पाइप, म्हणजे डक्ट, कापून छोटा केला, वळणं कमी केली. गॅसच्या नळीवरची तारीख दाखवली, नळी बदलायला झाली होती. आणि हॉबला लागून रद्दीचा गठ्ठा नि तेलाचे डबे होते ते आजच हलवा म्हणाले, सासूबाईंनी लगेच हलवले.

मला चीनच्या इतिहासातली एक गोष्ट फार आवडते, ती इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका घरी पाहुणा येतो, बघतो तर चुलीचं धुराडं सरळ उभं आणि बाजूलाच सरपण रचलेलं. तो म्हणतो धुराडं वाकडं करून घ्या, सरपण लांब ठेवा, नाहीतर आग लागेल. मालक गप्प. मग खरंच आग लागते, शेजारीपाजारी धावून विझवतात, मालक बैल कापून दारू आणून त्यांना मेजवानी देतो, ज्यांना भाजलंय ते मानाच्या जागेवर, आणि ज्याने आधीच सांगितलं होतं त्याला बोलावणंच नाही! शेवटी कोणीतरी मालकाला सुनावतं की त्याचं ऐकलं असतंत तर बैलाचा खर्चही नसता आणि आगही नसती.

ही गोष्ट थेट बादशहाला लिहून पाठवलेली होती. हान घराण्याच्या काळात हुओ ग्वांग नावाचा सेनापती जवळजवळ 20 वर्षं राज्य चालवत होता, तो इ.स.पू. 68 मध्ये गेला, पण त्याच्या घरच्यांची मिजास तशीच. माओलिंग या गावच्या शू नावाच्या माणसाने श्वान बादशहाला तीनदा अर्ज केला की यांना आताच आवरा. कोणी काही केलं नाही. इ.स.पू. 66 मध्ये त्या घराण्याचा कट उघडा पडला, अख्खं घराणं संपलं, आणि बक्षिसं मिळाली कट उघड करणाऱ्यांना. तेव्हा कोणीतरी शूच्या बाजूने ही धुराड्याची गोष्ट लिहून पाठवली, मग त्याला रेशमाचे 10 तागे आणि पुढे दरबारात नोकरी मिळाली. बान गू या जुन्या चिनी इतिहासकाराने लिहिलेल्या हान घराण्याच्या इतिहासात हे सगळं आहे, आणि 'छ्यू तू शी शिन', म्हणजे धुराडं वाकवा सरपण हलवा, हा वाक्प्रचार चीनमध्ये अजून वापरतात.

(तिथे धुराडं वाकवायला सांगितलं कारण सरळ धुराड्यातून ठिणगी थेट वर जाते. आपल्या चिमणीत उलटं, जितकी वळणं जास्त तितकं तेल अडकतं आणि सक्शन पडतं, म्हणून डक्ट बसवताना सरळ आणि छोटा ठेवा.)

आपण रिव्ह्यू कधी लिहितो, काहीतरी बिघडल्यावर, नाहीतर रात्री कोणी धावून आलं तर. आमच्याकडे काहीच झालं नाही, आणि मला नेमकं त्याचंच कौतुक करायचंय. हे सगळं सांगायचे त्यांनी एक रुपया जास्त घेतला नाही, नळीसुद्धा कंपनीच्या डीलरकडूनच घ्या म्हणाले, स्वतः विकायला गेले नाहीत.

कमी काय, तर वेळेचं थोडं मागेपुढे होतं आणि फोन पटकन उचलत नाहीत, मेसेज टाकला तर संध्याकाळी उत्तर येतं. गणपती-दिवाळीच्या आधी भरपूर गर्दी असते तेव्हा महिनाभर आधी सांगून ठेवा. आणि आले की नुसती चिमणी नको, गॅसची नळी आणि हॉबच्या आजूबाजूचं पण बघा असं म्हणा, ते निवांत वेळ देऊन बघतात.