फिनलंडची जूनमधली होळी, एका शिमगेकराचा रिव्ह्यू

तरवा पेरून झालेला, लावणीला अजून दहाबारा दिवस, आणि आमच्या गुहागरच्या होमस्टेकडे पावसात तसंही काळं कुत्रं फिरकत नाही, म्हणून ह्या जूनमधे एकदाचे मेव्हण्याकडे फिनलंडला जाऊन आलो. सहा वर्षं झाली त्याला तिकडे, आणि दरवर्षी शिमग्याला फोन केला की हेच, भावोजी तुमची होळी राहूदे, आमची तळ्याकाठची बघा एकदा. बघितली बाबा. आता खर्च केलाय तर लिहितो पण.

आधी एक सांगून ठेवतो, नाहीतर कोणीतरी स्वीडनचं तिकीट काढून बसेल. स्वीडनमधे जूनच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या सणाला फुलापानांचा खांब उभा करून त्याच्याभोवती नाचतात, त्यांची होळी ३० एप्रिललाच पेटून विझलेली असते. डेन्मार्क आणि नॉर्वेत २३ जूनला पेटवतात, डेन्मार्कवाले वर चेटकिणीची बाहुली पण ठेवतात. फिनलंडमधे ह्या सणाला युहान्नुस म्हणतात आणि होळीला कोक्को. पूर्वी हा उक्को नावाच्या पावसापाण्याच्या देवाचा सण होता, नंतर चर्चने सेंट जॉनच्या नावावर केला. १९५५ पासून २० ते २६ जूनमधला शनिवार पक्का ठरलेला आहे पण होळी पेटते आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, तर बुकिंग त्या हिशोबाने करा. (आणि तिकडे जाऊन त्यांना स्कॅन्डिनेव्हियन म्हणू नका, हळूच दुरुस्त करतात, नॉर्डिक म्हणायचं.)

गाव साइमा तळ्याच्या काठी, मिकेलीपासून गाडीने पाऊण तास. तळं म्हणजे आपलं देवळासमोरचं तळं नव्हे हां, चार हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलंय, मधे बेटंच बेटं. मला पहिल्यांदा दाभोळची खाडीच वाटली, फक्त वास नाही आणि भरती-ओहोटी नाही. पाणी तसंच्या तसं थांबलेलं, दोन दिवस ते बघून मला उगाच अस्वस्थ व्हायचं.

तक्रार नंबर एक, दुकानं. शुक्रवारी दुपारनंतर सगळं धडाधड बंद, बस नावालाच, आम्ही दोन वाजता निवांत दूध-अंडी आणायला निघालो आणि बंद दारावर कपाळ आपटून परत. हिने बॅगेत मेतकूट आणि पोह्याचे पापड टाकले होते म्हणून वाचलो, निघताना त्यावरून मीच तिला हसलो होतो.

तक्रार नंबर दोन, राहायची जागा. लाकडी कॉटेज, म्योक्की म्हणतात त्याला, मोठी देखणी, दारात दोन्ही बाजूला बर्चच्या फांद्या लावलेल्या, म्हणजे आपण आंब्याचे टाळे लावतो तसंच. पण संडास बाहेर झाडीत आणि पाण्याचा नाहीच, वरून कोंडा टाकायचा. मालकाने फोटोत तेवढा एक कोपरा बरोब्बर वगळला होता. मी स्वतः ह्या धंद्यात आहे त्यामुळे कुठला फोटो का टाकत नाहीत ते मला कळायला हवं होतं, म्हणजे अर्धी चूक माझीच. सॉना मात्र दहापैकी दहा. तापल्या दगडांवर पाणी मारायचं, बर्चच्या डहाळ्यांच्या जुडीने अंग बडवून घ्यायचं आणि तसंच धक्क्यावरून तळ्यात उडी. मी उडी मारली आणि दोन मिनिटं तोंडातून शब्दच फुटेना.

खाणं म्हणाल तर नवे बटाटे उकडून वर लोणी आणि शेपू. हो, शेपू, ज्याच्या नावाने आमच्या घरात निम्मी माणसं पानावरून उठतात, तिकडे बटाट्यावर पण तोच आणि माशावर पण तोच. मुइक्कू म्हणून बोटाएवढे मासे मिळतात, राईच्या पिठात घोळवून लोण्यात तळलेले, आख्खेच खायचे, अगदी मांदेली. मीठ सोडून काही लावत नाहीत तरी मी दोन प्लेटी संपवल्या. भाजलेलं सॉसेज साडेतीन युरो, म्हणजे साडेतीनशे रुपये, त्या पैशात मोहरीची चटणी तरी हवी तेवढी घ्या म्हणाले.

आता होळी. सहा वाजता झेंडा चढवला, हा झेंडा रात्रभर उतरवत नाहीत, थेट दुसऱ्या दिवशी रात्री नऊला. मग एक ॲकॉर्डियन, टँगो, म्हातारी जोडपी लाकडी फळ्यांवर नाचतायत, चेहरा मात्र बँकेच्या लाइनीत उभे असल्यासारखा. बाजूला गावच्या फायर ब्रिगेडची गाडी तयार. वणव्याचा इशारा असेल तर कोक्को रद्दच होते, आमच्या नशिबाने दोन दिवस आधी पाऊस पडून गेला होता.

पाण्याच्या अगदी कडेला दोन माणूस उंच रास, फांद्या, जुन्या फळ्या, आणि सगळ्यात वर एक होडी. खरीखुरी लाकडी होडी, नाळेजवळ निळा रंग अजून शिल्लक. मी मेव्हण्याला म्हटलं अरे ही काढायला सांग कोणीतरी, चुकून ठेवलीय. तो म्हणे चुकून नाही भावोजी, जुनी झाली की अशी देतात. आपण नारळी पुनवेला होडीला हळदकुंकू लावणारी माणसं, आमच्याकडे होडी वाळूत पडून कुजते पण तिला काडी कोण लावेल? मला काय ते बघवेना. आणि मग नजर पण हटेना. आधी फांद्या तडतडल्या, मग ज्वाळा फळ्यांच्या फटीतून वर आली आणि एक वेळ अशी होती की होडी तशीच शाबूत आणि तिच्या आतून नुसता उजेड.

पण उजेडाचाच घोळ आहे. पेटवली रात्री नऊला आणि सूर्य डोक्यावर नसला तरी चांगला वर, तो मावळतो साडेदहाच्या पुढे आणि त्यानंतरही काळोख असा होतच नाही. भर उन्हात पेटवलेल्या चुलीसारखी ज्वाळा फिकट दिसते. आमच्या होमाला जी मजा आहे ना, माडांच्या काळोखात एकदम सगळ्यांची तोंडं लाल दिसतात, ती इथे नाही. फोटो पण वाईट येतात. अकराच्या पुढे थांबलात तर पाण्यात प्रतिबिंब बरं दिसतं, आणि तोवर निम्मे लोक गेलेले असतात.

आणि आवाज! नाहीच! ढोल नाही, पालखी नाही, गाऱ्हाणं नाही, दोनशे माणूस गप उभं. आमच्या चिरंजीवांना राहवेना, ज्वाळा वर गेली तशी सवयीने पालथा हात तोंडावर नेऊन दिली खणखणीत बोंब ठोकून. सगळी मुंडकी वळली. मी मेलो शरमेने. शेजारच्या आजोबांनी मेव्हण्याला विचारलं काय झालं, त्याने सांगितलं आमच्याकडे होळीला असं करतात, आजोबांनी जरा विचार केला, म्हणाले "ह्युवा", म्हणजे चांगलंय, आणि परत आगीकडे बघत उभे राहिले.

भाची कोणाशी न बोलता सात फुलं खुडून आली, उशाखाली ठेवली की होणारा नवरा स्वप्नात दिसतो म्हणे. सकाळी विचारलं तर म्हणे डास दिसले. खरंच, डासांबद्दल कोणी सांगत नाही, आपल्या पावसातल्या डासांपेक्षा मोठे आणि जास्त चिकट. ओडोमॉस न्या, कासवछाप पण न्या.

पाचपैकी साडेतीन. एक स्टार काळोख नाही म्हणून कापलाय, अर्धा त्या संडासाचा. होडीसाठी मी परत जाईन, हिचं म्हणणं आहे तू एकटा जा.