कॅननचा ईएफ–ईओएस आर अडॅप्टर: जुन्या ४०० मिमी लेन्ससाठी घ्यावा का?

कॅननने १९९३ साली आपल्या जुन्या, ईएफ जोडणीच्या कॅमेऱ्यांसाठी आणलेली ईएफ ४०० मिमी एफ/५.६ एल ही लेन्स पक्षी टिपणाऱ्यांची अनेक वर्षांची आवडती आहे, आणि मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेताना ती विकून टाकावी का, हा प्रश्न त्यांच्यापैकी अनेकांना पडतो. कॅननच्या आर६ या मिररलेस कॅमेऱ्यावर ती या अडॅप्टरसह (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणाऱ्या जोडकड्यासह) वापरल्यानंतर माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे.

अडॅप्टरमध्ये काच मुळीच नाही. ईएफ माउंटपासून (लेन्स जोडण्याच्या जागेपासून) सेन्सरपर्यंतचे अंतर ४४ मिमी आणि आर६ सारख्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या आरएफ माउंटचे २० मिमी. मधले २४ मिमी भरून काढणे आणि विद्युत संदेश पोहोचवणे एवढेच त्याचे काम असल्याने चित्राच्या स्पष्टतेत काहीही उणे होत नाही. निकॉनच्या एफटीझेड या अशाच अडॅप्टरमध्ये मोटर नसल्यामुळे त्यावर स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स हाताने फोकस कराव्या लागतात. ईएफ लेन्सांची फोकस मोटर मात्र १९८७ पासून लेन्समध्येच असल्याने ती अडचण येथे उद्भवत नाही.

खरा लाभ अचूकतेचा आहे. डीएसएलआरमध्ये (आरसा असलेल्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात) फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, त्यामुळे फोकस किंचित पुढे किंवा मागे सरकत असे आणि प्रत्येक लेन्ससाठी सूक्ष्म जुळवणी करावी लागे. मिररलेसमध्ये मोजमाप चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरच होते. भिगवणला उजनीच्या पाणवठ्यावर नावेतून उडत्या रोहितांवर लेन्स रोखली की पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस त्याला धरून राहतो, आणि हे या लेन्सच्या बाबतीत पूर्वी केवळ अशक्य होते. १.४ पट एक्स्टेंडर (लेन्सचा पल्ला वाढवणारी जोडकाच) लावून प्रकाश आत घेणारे छिद्र एफ/८ इतके लहान झाल्यावर अनेक डीएसएलआर स्वयंचलित फोकस सोडून देत; आर६ देत नाही.

लेन्सच्या मूळ मर्यादा मात्र तशाच राहतात. साडेतीन मीटरच्या आतला पक्षी टिपता येत नाही, लेन्समध्ये स्वतःचे स्थिरीकरण नाही, आणि बॉडीतील स्थिरीकरण एवढ्या लांब पल्ल्यावर मर्यादितच उपयोगी पडते, म्हणून शटरचा वेग चढाच ठेवावा. अडॅप्टर धूळ-पाणी रोखण्याच्या दृष्टीने बनवलेला असला, तरी या लेन्सच्या माउंटला रबरी कडे नसल्याने पावसात आच्छादन हवेच.

सेटिंग बदलण्यासाठी फिरते कडे (कंट्रोल रिंग) असलेली किंवा आत फिल्टर बसवण्याची सोय असलेली अडॅप्टरची महागडी आवृत्ती या लेन्ससाठी अनावश्यक आहे. ११० ग्रॅमची साधी आवृत्तीच घ्यावी.