रेडिएटर फॅनला डॅशबोर्डवरचा स्विच: नऊ महिने वापरून

माझी गाडी जुनी, कार्बोरेटरवाली, एसी नसलेली. मार्चमध्ये वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटात पर्यटकांच्या रांगेत अडकलो आणि टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला जाऊन टेकला. बोनेट उघडलं तर फॅन ढिम्म. थर्मोस्विचच्या, म्हणजे इंजिन तापलं की फॅन आपोआप चालू करणाऱ्या स्विचच्या, दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडल्या, तर लगेच फिरायला लागला. म्हणजे मोटर धड होती, स्विच मेला होता. तशाच जोडलेल्या वायरींवर घरी पोचलो आणि आतून चालू-बंद करता येईल असा स्विच बसवायचं ठरवलं.

पहिलं काम फसलं, ते आधी सांगतो. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "साहेब, डायरेक्ट टाकून देतो, रिले-बिलेची कटकट नको." रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच. त्याच्याशिवायच बॅटरीवरून वायर आत, डॅशखालच्या साध्या स्विचमधून परत बाहेर फॅनला. वीस मिनिटांत काम झालं, मीही खूश. पण फॅन फिरताना दहाएक अँपिअर ओढतो आणि सुरू होतानाचा झटका त्याच्या दुप्पट-तिप्पट. ते सगळं त्या चिमुकल्या स्विचमधून जात होतं. तीन आठवड्यांनी स्विचला हात लावला तर चटका बसला, प्लॅस्टिकचा वासही यायला लागला. मीटर लावला तर इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट, फॅनच्या टोकाला जेमतेम ११. बाकीचे बारीक वायरीत आणि स्विचमध्ये जळत होते. म्हणजे फॅन हळू फिरत होता आणि वर आगीचा धोका.

त्याच वायरिंगची दुसरी करामत एका लग्नात दिसली. बँडच्या आवाजात फॅनची घरघर ऐकूच आली नाही, चावी काढून गेलो. चार तासांनी जेवून आलो तर गाडी मेलेली. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी, त्यावर दहा अँपिअरचा फॅन, हिशोब सोपा आहे. नवरदेवाच्या मित्रांनी धक्का मारला.

मग रिले घालून सगळं स्वतः नव्याने केलं. रिलेच्या टोकांना नंबर असतात. त्यातल्या ३० नंबरला बॅटरीचा प्लस, मध्ये बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज. ८७ मधून फॅनचा प्लस, फॅनचा मायनस थेट बॉडीला, रंग खरवडून. ८६ ला इग्निशनची लाइन, म्हणजे चावी काढली की फॅन बंद. ८५ ला अर्थ मिळतो तो दोन वाटांनी: एक नवा थर्मोस्विच, दुसरी डॅशवरचा माझा स्विच. दोन्ही पॅरलल, म्हणजे कुठलाही एक चालू झाला तरी फॅन फिरतो. स्विच बंद असला तरी ऑटोमॅटिक काम चालूच राहतं, माझा स्विच फक्त वरून हुकूम देतो. सगळ्यात महत्त्वाचं हेच. नुसता हाताचा स्विच ठेवणं म्हणजे इंजिन आपल्या विसरभोळेपणाच्या हवाली करणं. आता दोन्ही स्विचमधून रिलेच्या कॉइलपुरता नाममात्र करंट जातो, गरम होण्याचा प्रश्नच नाही. फॅनवर १३.५ च्या आसपास व्होल्ट येतात आणि आवाजावरूनच फरक कळतो. जाड वायर, रिले, फ्यूज होल्डर, स्विच मिळून थर्मोस्विच धरून हजाराच्या आत भागलं. वायर आत घेताना भोकाला रबरी बुश नक्की घाला, नाहीतर पत्र्याची धार कधीतरी वायर सोलणार.

८७ वरूनच एक लाल एलईडी डॅशवर आणला. फॅन माझ्यामुळे फिरो की थर्मोस्विचमुळे, दिवा लागतो. स्विचपेक्षा हा दिवाच जास्त उपयोगी पडला, असं आता म्हणेन. थर्मोस्विचवर ९२-८७ कोरलंय, ९२ अंशांना चालू, ८७ ला बंद. दिव्याकडे बघून हे चक्र पाठ झालंय, जरा बिघडलं की लगेच लक्षात येतं.

प्रत्यक्ष वापर कुठे? पुण्याहून येताना खंबाटकीच्या पायथ्याशी दाबतो, ९२ ची वाट बघत नाही, काटा अर्ध्यावरच राहतो. सप्टेंबरात कासला फुलं बघायला निघालेल्या गर्दीत यवतेश्वर घाटात तासभर पहिल्या गिअरमध्ये रांगलो, तिथे खरा उपयोग झाला. मोकळ्या हायवेला मात्र काही फायदा नाही. पन्नासच्या वर वेग असला की समोरून येणारा वाराच पुरतो.

एक फजिती थंडीतली. नोव्हेंबरात सकाळी स्विच चालूच राहिला आणि गाडी गरमच होईना, चोक ओढून ओढून पेट्रोल गेलं. धड थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कुलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, असता तर असं झालं नसतं, पण आधीच्या मालकाच्या मेकॅनिकने "घाटात तापते" म्हणून तो काढूनच टाकला होता! हा उपाय आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, कृपया करू नका. मी नवा बसवला.

आणि जुलैत होज पाइपच्या क्लिपमधून कुलंट गळत होता, ते या फॅननेच झाकून ठेवलं. काटा चढला की मी स्विच दाबायचो, काटा उतरायचा, मी निर्धास्त. पातळी बघितली तेव्हा टाकी रिकामी होती. तेव्हापासून स्विच दाबायची गरज वाढली की आधी गार इंजिनावर कुलंट बघतो.

नव्या गाड्यांत फॅन ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) चालवतो, तिथे या वायरींना हात लावू नका. जुन्यातच करा. माझी तक्रार उरलीय एकच, रात्री तो लाल दिवा डोळ्यांवर येतो. सध्या त्यावर काळ्या टेपचा तुकडा लावलाय, मधोमध सुईचं भोक पाडून.