हॅमचा पहिला ट्रान्समीटर: मोर्स, एसएसबी की एफएम हँडी?

परवाना आला, कॉलसाइन (हवेतलं तुमचं अधिकृत नाव) मिळाला, की ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, पेच पडतो: पहिला ट्रान्समीटर मोर्सचा, एसएसबीचा की एफएम हँडी, म्हणजे हातात मावणारा वॉकीटॉकी? किमतीचं नंतर बघू. आधी हे बघा की सिग्नल कुठे तयार होतो आणि तुमचं बोलणं त्यात कुठे शिरतं.

सगळ्यात सुटसुटीत मोर्स. पिक्सीसारख्या, स्वतः जोडायच्या छोट्या किटमध्ये क्रिस्टल ऑसिलेटर (क्रिस्टलवर चालणारं, एकच ठरलेली फ्रिक्वेन्सी देणारं सर्किट) ७.०२३ मेगाहर्ट्झचा कॅरियर, म्हणजे संदेश वाहणारी एकसारखी लाट, तयार करतो, पुढचा ट्रान्झिस्टर तो वाढवतो. की (मोर्सचं बटण) दाबली की कॅरियर जातो, सोडली की थांबतो. मॉड्युलेशन, म्हणजे लाटेवर संदेश चढवणं, एवढंच! पॉवर एक वॅटच्याही आत, पण ती सगळी शंभर-दीडशे हर्ट्झच्या चिमटीत असल्यामुळे लांब पोचते. क्रिस्टल जागचा हलत नाही. त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरं कोणी आलं तर तुम्हालाही हलता येत नाही. स्वतः सर्किट रचणार असाल तर की ऑसिलेटरला लावू नका. प्रत्येक डॅशच्या सुरुवातीला सूर सरकतो आणि समोरच्याला ‘चिंव’ ऐकू येतं. ऑसिलेटर चालू ठेवा, पुढची पायरी बंद-चालू करा.

एएमचा, म्हणजे आवाजाप्रमाणे लाटेची उंची बदलण्याचा, मोह टाळा. १०० टक्के मॉड्युलेशन केलं तरी दोन तृतीयांश पॉवर कॅरियरमध्येच जाते, आणि त्यात तुमचा एक शब्दही नसतो.

एसएसबीमध्ये (सिंगल साइडबँड) हा कॅरियरच काढून टाकतात. हैदराबादच्या अशहर फरहान यांचं बिटएक्स४० हे किट उदाहरणाला घ्या. १२ मेगाहर्ट्झचा कॅरियर आणि माइकचा आवाज डायोडच्या बॅलन्स्ड मॉड्युलेटरमध्ये जातात. कॅरियर तिथेच आपसात कटतो, दोन साइडबँड, म्हणजे कॅरियरच्या दोन बाजूंना आवाजाने तयार झालेले पट्टे, उरतात. क्रिस्टल फिल्टर त्यातला एकच पुढे सोडतो. मग व्हीएफओचे (फ्रिक्वेन्सी फिरवता येणारा ऑसिलेटर) ४.९ मेगाहर्ट्झ वजा, म्हणजे ७.१, आणि तुम्ही ४० मीटर बँडला (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) पोचलात. शेवटी आयआरएफ५१० हा ट्रान्झिस्टर त्याला पाच-सात वॅटपर्यंत नेतो. ही पायरी लिनिअर हवीच, म्हणजे लाटेचा आकार न बिघडवता ती वाढवणारी. माइकवर ओरडलात, अँप्लिफायरने लाटांची टोकं छाटली, की शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचा हॅम वैतागलाच म्हणून समजा. मोर्सला ही भानगड नाही.

व्हीएफओ कॉइल-कपॅसिटरचा असेल तर डबा तापेल तसा तो सरकतो. मे महिन्यात तर विचारूच नका. फ्रिक्वेन्सी तयार करणारी एसआय५३५१ चिप जागेवर राहते, पण तिची लाट चौकोनी. तिच्यावरून सरळ मोर्सचा ट्रान्समीटर केलात तर ७.१ ची तिप्पट, २१.३, हीसुद्धा हवेत जाईल, तीही हॅमच्याच १५ मीटर बँडमध्ये. अशा वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा लो-पास फिल्टर कुठल्याही प्रकारात वगळू नका.

एफएम हँडीत आवाज फ्रिक्वेन्सीला काही किलोहर्ट्झ इकडेतिकडे हलवतो. लाटेची उंची बदलत नाही, त्यामुळे अँप्लिफायर लिनिअर नसला तरी चालतो आणि बॅटरी पुरते. पण १४४-१४६ मेगाहर्ट्झ साधारण नजरेच्या रेषेत जातात. कोपरखैरणेतून मुंब्र्याला बोलायचं तर मध्ये पारसिकचा डोंगर. सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा रिपीटर नसेल तर भरवसा नाही.

४० मीटरला अडचण वेगळीच. डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना, सुमारे २० मीटर लांब, म्हणजे गच्ची लागणार, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींना पटवावं लागणार. शिवाय लिफ्टचा आणि स्वस्त एलईडी दिव्यांचा खरखराट ऐकण्यात येतो तो वेगळा.

तरी माझं मत एसएसबीच्या बाजूने. दिवसा ४० मीटरवरून कोल्हापूर-नाशिकला मराठीत गप्पा होतात, आणि डबा उघडला तर प्रत्येक पायरी बोट ठेवून दाखवता येते. गच्ची मिळणारच नसेल तर हँडी. मोर्स शिकायची हौस असेल तर पिक्सी आधी जोडा, सोल्डरिंगचा हातही बसेल. मात्र बिटएक्स घेतलंत तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दोन-चार आयआरएफ५१० जास्तीचे आणून ठेवा. अँटेना न जोडता पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबलं तर पहिला जाणार तो तोच.