डिकीतली बॅटरी: पाण्याची की एजीएम?

बॅटरी बॉनेटखालून डिकीत न्यायची, हे तुमचं ठरलंय असं धरून चालतो. कुणाला पुढचं वजन कमी करायचं असतं, कुणाला इंजिनाची धग चुकवायची असते. माझ्या जुन्या झेनमध्ये मोठ्या एअर फिल्टरला जागा हवी होती. प्रश्न उरतो तो डिकीत कोणती बॅटरी ठेवायची याचा. नेहमीची पाण्याची, झाकणाच्या पेटीत? की एजीएम, म्हणजे काचेच्या तंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेली सीलबंद बॅटरी? पहिली मी दोन वर्षं वापरली, दुसरीचं आता चौथं वर्ष चालू आहे.

आधी वायूचं बोलू. चार्ज होताना पाण्याच्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. आणि हॅचबॅकची डिकी म्हणजे मागच्या सीटपाठचा केबिनचाच कोपरा. त्यामुळे घट्ट झाकणाची पेटी आणि गाडीच्या तळातून बाहेर काढलेली नळी, यात काटकसर नको. एजीएमवाले म्हणतात, 'आमची सीलबंद, नळी कशाला?' मला ते पटत नाही. तिच्यातही व्हॉल्व्ह असतो आणि जादा चार्ज झाला की तो उघडतो. माझदाने १९८९ च्या एमएक्स-५ मध्ये कारखान्यातूनच डिकीत सीलबंद बॅटरी दिली, तरी तिलाही नळ्या होत्याच. म्हणजे नळी दोन्हींना. एजीएमची पेटी तेवढी वाचते.

आता माझं मत कशानं फिरलं ते सांगतो. पाणी! बॉनेटखाली बॅटरी असताना पाणी बघणं हे काम वाटतच नाही. ऑइल बघताना नजर जाते. डिकीत तसं नाही. आधी सामान उतरवा, कार्पेट उचला, पट्टा सोडा, पेटीचं झाकण काढा, मग टॉर्च घेऊन वाका. पहिले तीन महिने मी हे इमानेइतबारे केलं. नंतर 'पुढच्या रविवारी बघू' सुरू झालं. दुसऱ्या मे महिन्यात एका सकाळी सेल्फ मारला तर नुसती टकटक. पेटी उघडली तेव्हा दोन सेलमध्ये प्लेट्स उघड्या पडलेल्या आणि पेटीच्या तळाशी आंबूस ओल. दोष बॅटरीचा नव्हता, माझाच होता. पण आपला आळस आपल्याला माहीत असेल तर तोही हिशेबात धरायला हवा, असं मला वाटतं.

एजीएमची बाजू अगदी स्वच्छ आहे असंही नाही. मला ती जवळपास दुप्पट किमतीला पडली. शिवाय जादा चार्जिंग ती माफ करत नाही, कारण उडालेलं पाणी परत भरता येत नाही. जुन्या गाडीत बसवण्याआधी इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावा. १४.८ व्होल्टच्या वर आकडा जात असेल तर आधी अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) रेग्युलेटर बघा. डिकी बॉनेटपेक्षा थंड असते, हे मात्र तिच्या पथ्यावर पडतं.

बाकी काम दोन्हींना सारखंच. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभराच्या आत फ्यूज हवाच. तिथून पुढे ती केबल अख्ख्या गाडीभर पत्र्यालगत जाते, कुठे घासली तर मधे दुसरं काही वाचवणारं नाही. पत्र्यातून जाते तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (रिंग) लावा, पेट्रोलच्या पाइपपासून आणि सायलेन्सरपासून ती लांब ठेवा. केबल ३५ चौरस मिमीची, अस्सल तांब्याची घ्या. पाच मीटरला १५० अँपिअरवर साधारण ०.४ व्होल्ट पडतो, तेवढं चालतं. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबलही सर्रास मिळते. ब्लेडने एक तार खरवडा, आत पांढरी दिसली तर परत करा. केबलच्या टोकाची थिंबल दाबून पंच करून घ्या, नुसत्या सोल्डरच्या डागावर विसंबू नका. अर्थची (निगेटिव्ह) केबल डिकीच्या पत्र्याला जोडलीत तर इंजिन ते बॉडी ही पट्टीही तितकीच जाड हवी, आमच्या मिस्त्रींना हे दोनदा सांगावं लागलं.

बॅटरी धरून ठेवायला पत्र्यात स्क्रू मारू नका. नऊ-दहा किलोचा ठोकळा आहे तो, आणि पुढे माणसं बसलेली असतात. रॅलीच्या गाड्यांसाठी एफआयए ही मोटर स्पर्धांची जागतिक संघटना किमान १० मिमीचे बोल्ट आणि प्रत्येकाखाली ३ मिमी जाडीची प्लेट मागते. घरच्या गाडीलाही तेच करायला काय हरकत आहे?

गाडी रोज चालत असेल, डिकी रिकामी असेल आणि दर महिन्याला वाकायची तयारी असेल, तर पाण्याची बॅटरी वाईट नाही, पैसे वाचतील. माझी जुनी पेटी माळ्यावर पडून आहे. झाकण अजून घट्ट बसतं, नळी तेवढी नवी लावावी लागेल.